डोकेदुखी आणि मेंदूतली गाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेतल्या ओपीडीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सांगली, तासगाव, विटा, जत, कराड, सातारा, सगळीकडून विचारणा होते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ वाचा. त्यातलं काही तुमच्या घरात घडत असेल तर बाकीचं पान नंतर वाचलं तरी चालेल.

१. महिना झाला डोकं दुखतंय. मेंदूत गाठ तर नसेल ना?

बहुतेक नसते. डोकं दुखणं ही घरोघरची तक्रार आहे आणि मेंदूतली गाठ हा विरळा आजार आहे. डोकेदुखी घेऊन येणाऱ्यांत सगळ्यात जास्त लोक अर्धशिशीचे किंवा ताणाच्या डोकेदुखीचे निघतात. गाठ असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना कधी ना कधी डोकेदुखी होते हे खरं, पण डोकेदुखीखेरीज दुसरं काहीच नाही असे त्यांच्यात फार थोडे. बाकीच्यांना फिट आलेली असते, हात जड पडलेला असतो, नजर, बोलणं किंवा वागणं बदललेलं असतं.

म्हणून "किती दुखतं?" यापेक्षा "काय बदललं?" हे आम्ही जास्त खोदून विचारतो. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटणारी कळ अर्धशिशीत नेहमीची आहे. गाठीचं दुखणं पुष्कळदा मंद, सोसवेल असं असतं आणि त्यामुळेच अंगावर काढलं जातं.

२. गाठ झाली की डोकं का दुखतं?

मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही. त्यात वेदनेच्या नसाच नाहीत. म्हणून तर काही ऑपरेशनं रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत करता येतात. दुखतं ते मेंदूभोवतीचं आवरण, मोठ्या रक्तवाहिन्या आणि काही नसा. गाठीने यांना ताण दिला किंवा दाब दिला की डोकं दुखतं.

दुसरं कारण जागेचं. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. आत मेंदू, रक्त आणि साधारण दीडशे मिली पाणी असतं. हे पाणी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास तयार होतं आणि तेवढंच शोषलंही जातं. गाठ वाढली, तिच्याभोवती सूज आली, की आधी थोडं पाणी आणि रक्त बाजूला सरकून जागा करून देतं. ती सोय संपली की दाब झपाट्याने चढतो. गाठ नेमकी पाण्याच्या वाटेवर असेल तर ती बोराएवढी असली तरी पाणी तुंबतं आणि त्रास लवकर होतो. उलट पुढच्या भागातली लिंबाएवढी गाठ वर्षानुवर्षं गप्प बसू शकते. गाठ मोठी तर दुखणं मोठं, हा हिशेब इथे चालत नाही.

३. सकाळी उठल्या उठल्या दुखलं तर ते गाठीचंच, असं वाचलं. खरं का?

अर्धवट खरं. आडवं झाल्यावर डोक्यातला दाब थोडा वाढतो. झोपेत श्वास मंद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्तवाहिन्या फुगतात आणि दाबात भर पडते. त्यामुळे पहाटे दुखणं, उठून तासाभरात हलकं होणं, खोकताना किंवा वाकताना वाढणं हे चित्र पुस्तकात असतं.

पण १९९३ साली फोर्सिथ आणि पोस्नर यांनी मेंदूत गाठ असलेल्या १११ रुग्णांची डोकेदुखी तपासली तेव्हा वेगळंच दिसलं. डोकं दुखत होतं ४८ टक्क्यांचं. त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं ताणाच्या डोकेदुखीसारखं, म्हणजे डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. पुस्तकातलं 'सकाळचं' दुखणं फक्त १७ टक्क्यांना होतं.

उलट बाजूने पाहिलं तर सकाळच्या डोकेदुखीची साधी कारणं भरपूर आहेत: अर्धशिशी, रात्रीचं घोरणं आणि श्वास अडकणं, दात खाणं, आदल्या रात्रीची दारू, रोजच्या गोळ्या (प्रश्न ७). तेव्हा घड्याळावरून निदान करू नका.

४. मग कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही?

तासाभरात दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन करायचा अशा गोष्टी आधी सांगतो. एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. ही गाठीची नसून रक्तस्रावाची असू शकते, त्यामुळे थांबायला वेळ नसतो. आयुष्यातली पहिली फिट. डोकेदुखीबरोबर वाढत चाललेली गुंगी, माणूस हाक मारली तरी नीट उत्तर देत नाही. तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. ताप आणि ताठ झालेली मान. अचानक कमी झालेली किंवा दोन-दोन दिसू लागलेली नजर.

काही दिवसांत दाखवायचंच, 'पुढच्या अमावस्येनंतर बघू' म्हणायचं नाही, असं पुढचं. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. आठवड्यागणिक चढत जाणारी. झोपेतून उठवणारी आणि उलट्या करवणारी. खोकला, शिंक किंवा शौचाला जोर केल्यावर उठणारी. पूर्वी स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा कुठलाही कर्करोग झालेल्या माणसाची नवी डोकेदुखी, कारण मोठ्या माणसांत मेंदूत सुरू झालेल्या गाठींपेक्षा दुसरीकडून पसरून आलेल्या जास्त असतात. एचआयव्ही असलेल्याची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्याची नवी डोकेदुखी.

आणि काही खुणा रुग्णाला स्वतःला दिसतच नाहीत, घरच्यांना दिसतात. चालताना एकाच पायातली चप्पल निसटते आणि त्याला पत्ता नसतो. (मधुमेहातही असं होतं, पण तिथे सहसा दोन्ही पाय बधिर असतात.) शर्टाची बटणं लावायला उजवा हात वेळ घेतो. गाडी दाराच्या एकाच बाजूला सारखी घासते, कारण त्या बाजूचं दिसतच नाही. सही बदलते, बँकेतून चेक परत आला म्हणून दाखवायला आलेले लोकही असतात.

५. मला पित्ताचा त्रास आहे. डोकं दुखतं, उलटी होऊन पित्त पडलं की उतरतं. हे पित्तच ना?

आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एका बाजूचं ठणकणारं डोकं, मळमळ, उजेड आणि आवाज नको वाटणं, अंधाऱ्या खोलीत फडकं बांधून पडणं, उलटीनंतर झोप लागून मोकळं होणं: हे वर्णन अर्धशिशीचं आहे. सुरुवात मेंदूतून होते, पोट नंतर बिघडतं. उलटीत पिवळं पडतं कारण पोट रिकामं असतं. औषध नाही घेतलं तर एक झटका ४ ते ७२ तास चालतो. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन डोकं थांबत नाही ते यामुळेच.

खरी अडचण अशी की गाठीच्या रुग्णालाही उलटीनंतर थोडं बरं वाटू शकतं. फरक बघायचा तो झटक्यांच्या मधल्या दिवसांत. अर्धशिशीचा माणूस मधल्या दिवसांत ठणठणीत असतो, उसाला पाणी पाजतो, लग्नात नाचतो. गाठीच्या माणसाचे असे धडधाकट दिवस कमी कमी होत जातात, उलटी मळमळ न होताच सटकन होते, आणि 'पित्त' दर महिन्याला येणारं होतं ते दर दोन दिवसांनी यायला लागतं. पंचविशीपासून तसंच चालत आलेलं पित्त घाबरवत नाही. बावन्नाव्या वर्षी नव्याने उठलेलं पित्त तपासूनच घ्यावं.

६. वीस वर्षं अर्धशिशी आहे. तिची पुढे गाठ होते का?

नाही. अर्धशिशीची गाठ होत नाही.

फक्त अर्धशिशी असलेल्यालाही आयुष्यात दुसरा आजार होऊ शकतो, म्हणून जुनं दुखणं नव्या तऱ्हेने वागायला लागलं तर 'आपलं नेहमीचंच' म्हणू नका. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषांबद्दलही बरेच जण विचारतात. त्या हळूहळू पसरत पाच मिनिटं ते तासभर राहिल्या आणि मग डोकं उठलं, तर ते अर्धशिशीचंच रूप. काही सेकंदांचे रंगीत गोळे, दर वेळी एकाच बाजूला, आणि बरोबर भान हरपणं असेल तर ती छोटी फिट असू शकते. डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा.

७. रोज मेडिकलमधून गोळी आणतो, चार तास बरं वाटतं, परत दुखतं. गोळीलाही दाद देत नाही म्हणजे गाठ?

बहुतेक वेळा हे गोळीचंच दुखणं असतं. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि अर्धशिशीवरच्या एर्गोटामाइन-कॅफिनच्या, ट्रिप्टानच्या किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यातले १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. एका दिवसात किती गोळ्या खाल्ल्या यापेक्षा महिन्यात किती दिवस खाल्ल्या हे इथे मोजायचं. घरातल्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा आणि ते पान घेऊन या.

थांबवल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढतं, त्याची तयारी डॉक्टरांशी बोलून करावी. वर्षानुवर्षांच्या वेदनाशामकांनी किडनीवर काय केलंय हेही त्याच वेळी बघून घेतो.

८. डॉक्टरांनी एमआरआय न काढताच 'काही नाही' सांगितलं. नुसतं बघून कसं कळतं?

नीट बघितलं असेल तर पुष्कळ कळतं. दिवे मालवलेल्या खोलीत तुम्हाला समोरच्या भिंतीवर नजर लावायला सांगून डॉक्टर एका छोट्या उपकरणातून बुबुळाच्या आत डोकावतात. तिथे डोळ्याची मुख्य नस चकतीसारखी दिसते. डोक्यातला दाब वाढला असेल तर या चकतीची कड फुगून पुसट होते. ही तपासणी दोन-तीन मिनिटांची आहे आणि नेत्रतज्ज्ञही ती करून देतात. मग डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून पुढे धरायला लावतात. एक हात हळूच खाली वळला तर त्या बाजूला अशक्तपणा आहे. फरशीच्या सांध्यावरून टाच-अंगठा जुळवत चालायला लावतात. दोन्ही बाजूंनी बोटं हलवून कुठलं दिसतं ते विचारतात.

हे सगळं व्यवस्थित, दुखण्याचा इतिहास अर्धशिशीचा आणि प्रश्न ४ मधलं काहीच नाही, तर एमआरआयमध्ये गंभीर काही सापडण्याची शक्यता फारच कमी. माझं मत विचाराल तर डोळ्याचा पडदा न पाहता लिहिलेल्या एमआरआयपेक्षा पडदा पाहून टाळलेला एमआरआय मला जास्त पटतो. तुमची तपासणी याप्रमाणे झाली नसेल तर "डॉक्टर, डोळ्याचा पडदा बघता का?" असं सरळ विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही.

९. सीटी काढू की एमआरआय? सीटी नॉर्मल आला, आता निश्चिंत राहू का?

घाईच्या वेळी सीटी. रक्तस्राव, मोठी गाठ, तुंबलेलं पाणी तो काही मिनिटांत दाखवतो. पण लहान गाठी, मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातल्या गाठी आणि पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठी त्यातून निसटू शकतात. खुणा संशयास्पद असतील तर साधा सीटी नॉर्मल आल्यावरही एमआरआय लागतो, आणि गाठीच्या शोधात तो शिरेतून औषध देऊन केलेला चांगला. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात.

किरणांची भीती: डोक्याच्या एका सीटीत साधारण एका वर्षात निसर्गातून मिळतो तेवढा किरणोत्सर्ग असतो. गरज असताना नाकारावा इतका नाही, दर सहा महिन्यांनी हौसेने करावा असाही नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात.

जुन्या फिल्म आणि सीडी मात्र जपून ठेवा. त्या मोठ्या पाकिटावर किराण्याचा हिशेब लिहिलेला असला तरी आमची हरकत नाही, पण तुलना करायला जुनी फिल्म मिळाली तर निम्मं काम होतं.

१०. कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो. एमआरआयला काही अडचण?

विचारलंत ते बरं केलंत. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवाल्यांच्या डोळ्यात कधी ना कधी लोखंडाचा कण उडालेला असतो. तो आत राहिला असेल तर एमआरआयच्या चुंबकाने हलून डोळ्याला इजा होऊ शकते. खोलीत जाण्याआधी सांगा. साध्या एक्स-रेने किंवा सीटीने कण आहे का ते कळतं. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप यांचंही सांगायचं. हाडात बसवलेले रॉड-प्लेट बहुतेक वेळा चालतात, पण कल्पना द्यायचीच. मंगळसूत्र, जोडवी, करदोट्याची चांदी बाहेर काढून ठेवायची.

११. रिपोर्टमध्ये 'रिंग एनहान्सिंग लीजन' लिहिलंय. गुगलवर कॅन्सर दाखवतंय.

गुगलला तुम्ही भारतात राहता हे लक्षात राहत नाही. आपल्याकडे तरुण माणसाच्या मेंदूत एकच छोटी कडीसारखी चमकणारी गाठ दिसली आणि फिट आली असेल, तर पहिला संशय दोन आजारांवर जातो: फितकृमीच्या अळीची गाठ आणि क्षयाची गाठ. दोन्ही औषधांनी बऱ्या होणाऱ्या.

"पण आम्ही माळकरी, डुकराचं मांस कधी शिवलंही नाही," हे लगेच ऐकू येतं. अळीची गाठ मांसातून थेट होत नाही. ज्या माणसाच्या आतड्यात फितकृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती मातीतून, पाण्यातून कच्च्या भाजीवर येतात आणि कोथिंबीर, मुळा, गाजर न धुता खाणाऱ्या कुणाच्याही पोटात जातात. शाकाहारी घरात हा आजार होतो तो असा.

एक इशारा: रिपोर्ट वाचून जंताची गोळी परस्पर घेऊ नका. मेंदूत गाठी जास्त असतील तर त्या मरताना सूज येते आणि जीवावर बेततं. आधी तज्ज्ञ, मग गोळी. क्षयाची गाठ असेल तर औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतं. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. कधी कधी काही आठवडे औषध देऊन पुन्हा एमआरआय काढतात आणि गाठ लहान झाली का ते पाहतात. ही दिरंगाई नव्हे, तपासणीचाच भाग आहे.

१२. मानेसाठी एमआरआय काढला, त्यात डोक्यात छोटी गाठ निघाली. आता डोकंही दुखायला लागलंय.

धडधाकट माणसांचे एमआरआय काढले तरी शंभरांत दोन-तीन जणांत अनपेक्षित काहीतरी निघतं. त्यातली पुष्कळ नावं घाबरवणारी आणि वागणूक निरुपद्रवी असते. मेनिंजिओमा हे नाव नेहमीचं. ती मेंदूच्या आवरणाची गाठ, बायकांत जास्त, बहुतेक वेळा साधी, हळू वाढणारी किंवा अजिबात न वाढणारी. लहान आणि गप्प असेल तर सहा महिने ते वर्षाने पुन्हा एमआरआय, एवढंच. रिपोर्ट वाचल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी बहुधा रिपोर्टची असते. अर्धशिशीच्या लोकांत दिसणारे 'पांढरे ठिपके' हेही गाठ नव्हेत.

१३. मुलगा सात वर्षांचा आहे. सकाळी उलटी करतो, शाळेला दांडी मारायला करतोय असं बाई म्हणतात.

रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीतही उलटी होते का, ते बघा. होत असेल तर शाळेचं निमित्त नाही. मुलांत गाठी बऱ्याचदा मेंदूच्या मागच्या भागात, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूजवळ होतात आणि पाण्याची वाट अडवतात. त्यामुळे सकाळची उलटी, चालताना झोकांडी, नव्याने आलेला तिरळेपणा, मान एका बाजूला कलती धरणं, अक्षर बिघडणं, सायकलवरून सारखं पडणं अशा खुणा दिसतात. तान्ह्या बाळाचं डोकं वेगाने मोठं होतं, टाळू फुगते. लहान मूल 'डोकं दुखतंय' म्हणत नाही, ते नुसतं चिडचिडं होतं आणि खेळ सोडतं.

मुलांच्या डोकेदुखीतही अर्धशिशीच जास्त, हे विसरू नका. पण उलटीबरोबर तोल किंवा डोळा बिघडला असेल तर जंताचं औषध देत महिना घालवू नये.

१४. बाळंतीण होऊन दहा दिवस झालेत, डोकं फुटतंय. आई म्हणते वारं लागलं.

कानाला फडकं बांधा, पण दवाखान्यात आजच या. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि ती गाठीसारखीच लक्षणं देते: चढती डोकेदुखी, उलटी, फिट. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत काही घरांत अजून आहे. अंगातलं पाणी आटलं की रक्त घट्ट होतं. बीपी वाढूनही डोकं दुखतं आणि ते बाळंतपणानंतरही वाढू शकतं. इथे साध्या एमआरआयबरोबर शिरांचा एमआरव्ही मागावा लागतो.

सिझेरियनसाठी पाठीत सुई दिली असेल आणि बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं असं असेल, तर ते सुईचं दुखणं. प्रश्न ३ मधल्याच्या बरोबर उलटं.

बाळ नसतानाही स्तनातून दूध येणं, पाळी थांबणं आणि दोन्ही कडांचं कमी दिसणं असेल तर पिट्युटरीची गाठ बघायला हवी. हिच्यातल्या एका प्रकाराला ऑपरेशनही लागत नाही, गोळ्यांनी आटोक्यात येते.

१५. एमआरआय नॉर्मल आहे, तरी नेत्रतज्ज्ञ म्हणतात पडद्याला सूज आहे. कोण खरं?

दोघेही. गाठ नसताना डोक्यातला दाब वाढतो असा एक आजार आहे. बहुधा वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत होतो. अ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या आणि मुरमांसाठीच्या काही अँटिबायोटिकनीही होतो. वाकल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं होतं. शिरांचा एमआरव्ही पाहून, पाठीतून पाणी काढून दाब मोजतात. दुर्लक्ष केलं तर नजर कायमची जाऊ शकते. वजन उतरवणं हे इथे खरंखुरं औषध आहे.

१६. वडील ६८ वर्षांचे. डोकं दुखतं, थोडं विसरायला लागलेत. वयाचं आहे का?

वयाने डोकं दुखायला लागत नाही. उलट बऱ्याच जणांची अर्धशिशी या वयात थांबलेली असते. गाठीइतकाच, किंबहुना जास्त, इथे दुसरा संशय घ्यायचा: महिन्या-दीड महिन्यापूर्वी पडले होते का? मोरीत घसरणं, म्हशीचा धक्का, गाडीवरून हळूच कलंडणं, एवढ्यानेही कवटीच्या आत रक्त हळूहळू साठतं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी किंवा दारू चालू असेल तर. सीटीत लगेच दिसतं आणि कवटीला छोटं भोक पाडून काढता येतं.

कानशिलाला हात लावला की दुखतं, भाकरी चावताना जबडा भरून येतो, नजर धूसर झाली, असं असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज शोधावी लागते. आपल्याकडे हा आजार कमी, पण डोळा घालवतो.

१७. मिस्टर शांत स्वभावाचे होते. आता कुठेही काहीही बोलतात, अंघोळ टाळतात. लोक म्हणतात बाहेरचं आहे.

अंगारा लावायचा तर लावा, पण त्याच आठवड्यात एमआरआय करा. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ आधी स्वभावावर येते: हिशेबी माणूस उधळ्या होतो, बोलका माणूस दिवसभर कट्ट्यावर गप्प बसतो, चारचौघांत लघवीचं भान राहत नाही. डोकं दुखतं का विचारलं तर "नाही" म्हणतात. उदासीनतेच्या गोळ्या चालू होऊनही फरक पडत नाही म्हणून पुढे तपास होतो तेव्हा गाठ सापडते.

१८. फिट आली तेव्हा कांदा आणि चप्पल हुंगवली, थांबली. पुढे काय?

फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते, श्रेय कांद्याला मिळतं. कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर लगेच दवाखाना. मोठ्या माणसाला आयुष्यात प्रथमच फिट आली तर थांबली तरी दवाखाना, आणि एमआरआय. तोवर दुचाकी, ट्रॅक्टर, विहिरीचा काठ, उसाचं चरक बंद.

१९. गावातल्या डॉक्टरांच्या इंजेक्शनने दोन दिवस एकदम बरं वाटतं. काय असतं त्यात?

नाव विचारा. डेक्सामेथासोन असेल तर ते स्टिरॉइड. गाठीभोवतीची सूज ते एक-दोन दिवसांत उतरवतं, आणि योग्य निदानानंतर आम्हीही तेच देतो. पण निदानाआधी पुन्हा पुन्हा दिलं तर आजार झाकतो. लिम्फोमा नावाच्या एका गाठीत तर ते एमआरआयमधून गाठ जवळजवळ पुसून टाकतं आणि तुकडा तपासूनही काही हाती लागत नाही. साखर चढते ती वेगळीच. आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड अचानक बंद करणंही धोक्याचं.

२०. मोबाईलने गाठ होते का? आणि द्राक्षबागेत फवारून आलं की डोकं दुखतं त्याचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली मोबाईलच्या लहरी 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात टाकल्या. २०२४ मध्ये त्याच संघटनेने करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या गाठींचा संबंध आढळला नाही. मोबाईलने मान आखडते आणि झोप जाते, त्याने डोकं दुखतं.

फवारणीनंतर लगेच उठणारी डोकेदुखी औषधाच्या विषारी असराची असते. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर असेल तर ती विषबाधा, सरळ दवाखाना. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: त्या दिवसांत दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं. शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं म्हणून असं होतं. हातमोजे घाला आणि तेवढे दिवस बाटली लांब ठेवा.

२१. महाबळेश्वरला गेलं की दर वेळी डोकं दुखतं. उंचीमुळे?

नाही. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटरवर आहे. उंचीचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या पुढे. पसरणी घाटाची वळणं, रिकामं पोट आणि गॉगल नसणं पुरेसं असतं, विशेषतः अर्धशिशी असेल तर.

२२. गाठ निघाली. मुंबईलाच न्यावं लागेल का? खर्च?

मिरजेची दवाखान्यांची परंपरा १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयापासूनची, आणि मेंदूची ऑपरेशनं आज मिरज-सांगलीत आणि कराडला होतात. प्रत्येक गाठीला मुंबई गाठायची गरज नाही. लहान मुलांच्या गाठी, पुढे रेडिएशन-केमो लागेल अशा गाठी आणि अवघड जागच्या गाठी यांसाठी परळच्या टाटा मेमोरियलचं मत घेणं शहाणपणाचं. मात्र गुंगी वाढत असेल तर आधी जवळच्या ठिकाणी दाब उतरवून घ्यायचा, मग प्रवास.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूची अनेक ऑपरेशनं बसतात आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. दाखल होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आधी रोख भरून मग योजनेत बसवू म्हटलं तर बहुधा जमत नाही. आणि वावर विकायची बोलणी सुरू करण्याआधी गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट येऊ द्या. साधी गाठ निघाली तर ऑपरेशनवरच काम भागतं.

२३. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, तरी डोकं दुखतंय. परत आली का?

पहिले काही आठवडे जखमेची ओढ, कापलेले कानशिलाचे स्नायू आणि भरणारं हाड यांनी दुखतं. टाक्यांच्या आसपास मुंग्या येतात किंवा बधिर वाटतं. हे हळूहळू उतरायला हवं. काही जणांना महिनोन्‌महिने राहतं, त्यावर वेगळी औषधं आहेत.

तातडीने फोन करायचा तो असा: उतरलेलं दुखणं पुन्हा चढायला लागलं, टाक्यांतून किंवा नाकातून पाण्यासारखं गळतंय, जखम फुगली, ताप आला, पिंडरी सुजून दुखतेय, गुंगी आली किंवा फिट आली. नाकातून गळणारं पाणी सर्दी समजून रुमालाने पुसत बसू नका. पिट्युटरीचं ऑपरेशन नाकातून होतं आणि तिथून मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असेल तर जंतू आत जायला वाट मिळते. फिटची गोळी टाके काढायच्या दिवशी संपली म्हणून बंद करायची नाही. ती किती दिवस चालू ठेवायची हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. पुढचा एमआरआय कधी, हेही तिथेच तारखेसकट लिहून मागा.